बायको वजनाला गेली की

१२ जून
दारासुरमचा मुरुगेशन गेला. वय सेहेचाळीस. मागावर बसल्या बसल्या. सहा वर्षं साखरेसाठी माझ्याकडे यायचा. बायको उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली होती, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. कमलासिस्टरशी बोलली. ती गेल्यावर कमलानं ट्रे धुता धुता सांगितलं: अडीच वर्षं त्याला ‘जमत नव्हतं’. लाजेनं लॉजवरच्या वैद्याकडे जायचा. तो वैद्य महिन्यातून दोनदा येतो, बसस्टँडमागच्या लॉजमध्ये खोली घेतो. आमच्या समोरच्याच भिंतीवर त्याचं पोस्टर आहे.

सहा वर्षांत मी त्याचे डोळे पाहिले, पाय पाहिले, लघवी तपासली. हे विचारलं नाही. आणि ठाऊक नव्हतं असंही नाही. खालच्या नळ्या हृदयाच्या नळ्यांहून बारीक, आधी त्या तुंबतात, हृदयाची पाळी दोन-चार वर्षांनी येते. शरीरानं चांगली आगाऊ नोटीस दिली होती. घ्यायला कुणी नव्हतं, म्हणजे मी नव्हतो.

उद्यापासून साखर असलेल्या, चाळिशीवरच्या प्रत्येक पुरुषाला विचारायचं. अपवाद नाही.

१४ जून
सपशेल फसलं. सभ्यपणे विचारलं, “वीट्टिल एल्लाम सरिया इरुक्का?” घरी सगळं ठीक ना? सगळ्यांच्या घरी सगळं ठीक. एकाचं छप्पर गळतं, तेवढंच.

खरी अडचण बायको. ती खोलीतून हलत नाही. फाईल तिच्या पिशवीत, गोळ्या तिच्या पिशवीत आणि उत्तरंही तिच्याच पिशवीत. पट्टीश्वरम्‌च्या एका गृहस्थाला झोपेबद्दल विचारलं तर बायकोनं सांगितलं, छान झोपतात.

१७ जून
कमलासिस्टरची अक्कल. वजनकाटा मागच्या खोलीत नेला. मी घंटी वाजवली की ती आत येते: “अम्मा, तुमचं वजन पाहायचंय, चला.” तिथं वजन, उंची, कंबर, वर पाच मिनिटं पथ्याचं प्रवचन. तेवढ्यात मी इकडे.

म्हणजे साखर नवऱ्याला आणि वजनं बायकोची. एकीनंही का म्हणून विचारलेलं नाही.

२५ जून
आता आडवळणानं विचारत नाही. “साखरेनं पुष्कळांना हा त्रास होतो. तुम्हाला होतो का?” एवढंच, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं हेच अवघड. एकानं शिव्या दिल्या. एक भातशेतीवाला इन्नंबूरहून येतो, सहा फुटी माणूस, तो ढसाढसा रडला आणि बायको वजन करून यायच्या आत तोंड धुऊन बसला. आज पाचांना विचारलं, तिघे हो म्हणाले. दोघांना तंजावरला हृदयाच्या तपासणीला पाठवलं.

लिहायचं कुठे हा प्रश्न होता. फाईल घरी जाते. तमिळमध्ये लिहिलं तर बायको वाचणार, इंग्रजीत लिहिलं तर कॉलेजात जाणारा मुलगा. म्हणून डाव्या समासात मराठीत लिहितो, नागरी अक्षरांत. मिरजेत डॉक्टरकी शिकलो त्या पाच वर्षांची ही कमाई. तिथली पोरं माझ्या मराठीला हसायची, पण अक्षर वळणदार करून घेतलं. या गावात ते वाचणार कोण? पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली आमची मराठी घरं आहेत, पण ती बोलतात मराठी आणि लिहितात तमिळ लिपीत. आईची लोणच्यांची वहीसुद्धा तमिळ अक्षरांत आहे.

स्वतःवर बेहद्द खूष आहे आज.

९ जुलै
गोपाळ आला होता.

अपवाद नाही म्हटलं होतं. चुलतभाऊ, माझ्याहून वर्षानं लहान, गणिताचा मास्तर, आठ वर्षं साखर. विडी सोडली म्हणतो, बोटं पिवळी आहेत. बरोबर बायको, रुक्मा, फाईल तिच्याच पिशवीत. कमला तिला वजनाला घेऊन गेली. “मागं एकदा तर केलंत की,” म्हणत गेली बिचारी.

सवयीनं तमिळमध्ये सुरुवात केली. गोपाळ हसायला लागला. “रंगू, मजशी तमिळ काय बोलतोस रे?”

मग मराठीत विचारायचं म्हणून तोंड उघडलं, तर शब्दच नाहीत. आमची घरची मराठी स्वयंपाकाची, देवपूजेची, आईनं रागावण्याची. या गोष्टीला तिच्यात नाव नाही. मिरजेच्या होस्टेलवर होतं, तेच वापरलं. गोपाळचं हसू गेलं. दाराकडे पाहिलं त्यानं.

“चार वर्षं झालीं,” म्हणाला.

“रुक्मा?”

“तिज ठाऊक नाही. व्रत आहे म्हणून सांगितलं मी.”

उप्पिलियप्पनाला बोललोय म्हणून सांगितलं त्यानं बायकोला. लेकीचं, पद्माचं, लग्न होईतों ब्रह्मचर्य. आमच्या घराण्याचा देव तो, त्याच्या नैवेद्यातसुद्धा मीठ नसतं, त्याच्या नावानं काहीही सोडलं तरी घरात कुणी का म्हणून विचारत नाही.

“रुक्मा काय म्हणाली?”

“पाया पडली माझ्या.”

हृदयाचं समजावून सांगितलं. ईसीजीची पट्टी काढली, तशी ठीक आहे. तेवढ्यावर माझं समाधान नाही, तंजावरला जाऊन पळवून तपासायला हवं. “छातींत दुखत नाही, दम लागत नाही. रुक्मा विचारेल कशासाठी म्हणून. काय सांगूं?” ‘त्या’साठीची गोळी हवी का, असं मी म्हणालो नाही, त्यानंच विषय काढला. आत्ता नको म्हणे. पद्माचं ठरलं की लागेल.

रुक्मा परत आली. “अण्णा, दोन किलो वाढलंय. तुमच्या भावास मी उपाशी ठेवतें आणि त्यांच्या वाटचं मीच खातें.” हसलो तिघं.

इतरांच्या समासात एक-दोन शब्द लिहितो. गोपाळच्या चार ओळी झाल्या. चार वर्षं नाही. घरी व्रत म्हणून सांगितलंय, उप्पिलियप्पन, पद्माच्या लग्नापर्यंत. रुक्माला कळू द्यायचं नाही, शब्द दिलाय. हृदयतपासणीला नाही म्हणतो. परक्याचं असतं तर इतकं लिहिलं नसतं. आपला माणूस, म्हणून हात थांबला नाही.

३० ऑगस्ट
पद्माचं ठरलं. मुलगा आपल्यातलाच, तंजावरचा, बँकेत. तीन वर्षं प्रत्येक स्थळाला नाही म्हणणारी मुलगी, याला एका भेटीत हो म्हणाली. आम्ही दोघं पेढे खायला गेलो. हिनं पद्माला विचारलं, आवडला का गं? पद्मा म्हणाली, चांगला आहे. विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण माझं लक्ष गोपाळकडे होतं.

रुक्मा दहा वर्षांनी लहान दिसत होती. केसांत कनकांबराची फुलं. गोपाळ मला परसात घेऊन गेला.

“पोंगल झाला कीं तै महिन्यांत लग्न. आतां गोळी दे.”

“आधी तंजावर.”

“लग्न झाल्यावर जाऊं.”

“आधी.”

“लग्न झालं की व्रत संपतं, रंगू! तेव्हां मी काय करूं?”

मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. हृदय न तपासता गोळी द्यायला मी काय लॉजवरचा वैद्य आहे का, असं म्हणालो. पद्मा कॉफीचे पेले घेऊन दारात. “काका, कशावरून भांडताय?”

“साखरेवरून,” दोघंही एकदम म्हणालो.

१२ ऑक्टो.
गोपाळ दवाखान्यात येत नाही. रस्त्यात दिसला तर गाडी दुसरीकडे वळवतो. रागावलाय. रागवू दे.

आज रुक्मा आली होती, त्याच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला. म्हटलं, त्याला एकदा तंजावरला नेऊन आणा. “काय झालंय?” “काही नाही, वय झालं, एकदा पाहून घ्यावं.” “लग्नानंतर जाऊं कां, अण्णा? आतां मज श्वास घ्यायला वेळ नाही. पितळेची भांडी घ्यायचीं, पत्रिका, अस्कं मीच बघतें.”

मी ठीक म्हणालो.

मनात हिशेब केला, पट्टी बरी होती, दम लागत नाही, तीन महिन्यांनी काय बिघडतंय. शिवाय जास्त ताणलं तर तिनं विचारलं असतं, असं काय दिसलं तुम्हाला. खरं कारण हेच.

२ डिसें.
पट्टीश्वरम्‌चा गृहस्थ आला, तोच, ज्याची झोप बायको सांगायची. जूनमध्ये विचारल्यावर हो म्हणाला होता. तंजावरला दोन नळ्या तुंबलेल्या निघाल्या, वेळेत उघडल्या. विड्याची पानं घेऊन आला होता, घरच्या मळ्यातली. टेबलावर ठेवली आणि माझा हात धरून उभा राहिला. छातीत एकदाही दुखलं नव्हतं त्याच्या.

परके जातात तंजावरला. माझा भाऊ जात नाही. पत्रिका छापून आल्यात, पहिली आमच्या देवापुढे ठेवायला रुक्माच आली. गोपाळ बाहेर गाडीवर बसून राहिला. मीही उठून गेलो नाही.

७ जाने.
गोपाळ गेला.

८ जाने.
काल लिहवलं नाही. मार्गळी महिना, सकाळची थंडी, गाडीवरून इन्नंबूरला पत्रिका द्यायला गेला. मागे पद्मा होती. ओट्यावर बसला, पत्रिकेला कुंकू लावायला घेतलं आणि तसाच कलंडला. तिथल्या लोकांनी गाडी केली, इथं इस्पितळात आणलं. पद्माला कुणीतरी घरी पिटाळलं, जुनी फाईल घेऊन ये म्हणून. मला फोन आला तेव्हा पावणेदहा. पोचलो तेव्हा ड्यूटीवरच्या पोरीनं नुसती मान हलवली.

पद्मा बाकावर होती, मांडीवर फाईल उघडी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला. दुःखानं करतात माणसं, असं वाटलं मला.

११ जाने.
सुतक. दवाखाना बंद. कमला दारावर पाटी लावून गेली. वाचायला घेतो आणि तेच पान पुन्हा वाचतो.

ही म्हणाली, एकदा रडून घ्या. सांगितलं हिला: मी ऑक्टोबरात ठीक म्हणालो होतो. हिला वाटलं काहीतरी बरळतोय.

मी मारला नाही त्याला. पण वाचवता आला असता, आणि ते एकट्या मलाच माहीत होतं. भावानं भावावर रुसावं म्हणून मी चार महिने घालवले.

२० जाने.
काल तेरावा झाला. आज दुपारी पद्मा एकटी आली. टेबलावर फाईल ठेवली, वर कागदाची एक पुडी. अप्पाचे शर्ट द्यायला काढले तर एकाच्या खिशात होती. तपकिरी कॅप्सुला, चार. नाव नाही, काही नाही, फक्त पेन्सिलीनं खोलीचा नंबर. समोरच्या भिंतीवर त्या लॉजवरच्या वैद्याच्या पोस्टरवर तोच नंबर आहे.

“काका, फाईलमधलं वाचलं मी. तिथंच, बाकावर बसून. डॉक्टर सांगायला बाहेर आली तेव्हां मी वाचत होतें.”

माझ्या तोंडून निघून गेलं, तुला वाचता येतं?

“अक्षरं तुम्हींच शिकवलीं की.”

ती आठ वर्षांची असताना. मे महिन्याच्या सुट्टीत, आमच्या माडीवर, पाटी घेऊन. निदान एका तरी पोराला आपली लिपी यावी म्हणून. नंतर हिंदीच्या परीक्षाही दिल्या तिनं. आणि जूनमध्ये मी मोठा शहाणा विचारत होतो, या गावात वाचणार कोण. परक्यांसाठी ती भिंत होती. माझ्याच घरासाठी मी ते भोंग्यावर सांगितलं होतं.

मग ती जे बोलली ते तसंच लिहितो.

“व्रत माझ्या नांवावर होतं. आई नटायची नाही, हसायची नाही. मज वाटलं, माझ्यामुळं हीं दोघं अडकून पडलींत. मी नाही म्हणतें म्हणून यांचा संसार थांबलाय. म्हणून त्या मुलास हो म्हटलं मी. मज तो नको होता, काका. वाईट नाही तो. मज नको होता.”

गप्प बसायचं हे मी पुरुषांसाठी शिकलो होतो. इथं ते शिकणं काही कामाचं नव्हतं.

“आईस सांगायचं कां?”

“गोपाळला शब्द दिलाय मी.”

“अप्पास दिलात. मज कुठं दिलात?” फाईल उचलून निघून गेली. पुडी माझ्याकडे राहिली. ती ड्रॉवरमध्ये आहे, कुलूप लावलंय.

२८ जाने.
लग्न पुढे ढकललंय. मुलाकडचे म्हणतात वर्षाच्या आत करू.

ही रुक्माला भेटून आली, आली ती पांढरीफटक. रुक्मा एकदाच जेवते, तेही अळणी. मीठ सोडलंय तिनं, उप्पिलियप्पनाच्या नावानं. हिनं खोदून विचारलं तेव्हा बोलली.

डिसेंबरात पत्रिका छापून आल्यावर रुक्मा गोपाळला म्हणाली, आता पुरे. लग्न ठरलंय, तारीख निघालीय, देव काही इतका हिशेबी नाही. तो म्हणाला, मंगळसूत्र बांधलं जाऊ दे. ती रडली. चार वर्षं तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्या दिवशी रडली. त्यानंतर त्यानं आपणहून व्रत मोडलं. दोनदा. दुसरी वेळ म्हणजे तो गेला त्याच्या आदल्याच दिवशीची दुपार, पद्मा कामावर गेलेली असताना.

“मी मोडायला लावलं, वहिनी. देवाचं होतं तें मी मागून घेतलं. देवानं दुसऱ्या दिवशीं नेलं त्यांस.”

हे सांगताना ही रडत होती. “तुम्ही डॉक्टर ना? सांगा की तिला, असं काही नसतं म्हणून! ती मरेल अशानं.”

हिला त्या चार ओळींतलं काहीच माहीत नाही. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

२९ जाने.
रात्रभर तेच.

सांगायचं म्हटलं तर सोपं आहे. रुक्मा, व्रत नव्हतंच. देवाला बोललेलं काही नव्हतं, तेव्हा तू मोडलं काय? गोपाळला आजार होता, लाज होती, बाकी काही नाही. मीठ खा.

मग ती विचारेल: आजार होता तर शेवटी दोनदा कसं? मला पुडीचं सांगावं लागेल. कॅप्सुलांत काय होतं कुणास ठाऊक. त्यानंच गेला असंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, हृदय आधीच कामातून गेलेलं असणार. पण ती एवढंच ऐकेल की तिनं मागितलं म्हणून त्यानं कुठूनतरी आणून खाल्लं. आज म्हणते देवानं नेलं. उद्या देवही मध्ये राहणार नाही.

आणि चार वर्षं ती ज्याच्या पाया पडत होती ते काय होतं, हेही तिला कळेल.

न सांगावं तर ती अळणी जेवून झिजणार. कुठूनही गेलं तरी ती ‘माझ्यामुळं’ याच शब्दावर येऊन पोचते. खरं म्हणजे तो शब्द माझा आहे. मी गोळी दिली नाही, ते बरोबर होतं. तपासणी करवली नाही, ते नव्हतं. मधल्या रिकाम्या जागेत तो लॉजवर गेला.

४ फेब्रु.
दवाखाना सुरू करून दोन आठवडे झाले. पुरुष येतात, कमला बायकांना वजनाला नेते आणि मी पायांना मुंग्या येतात का विचारतो. दुसरं काही विचारत नाही. आज दारासुरमचा एक विणकर आला, मुरुगेशनच्याच गल्लीतला, वय अठ्ठेचाळीस. मुंग्यांचं विचारलं, औषध लिहिलं, पाठवून दिला. तो चप्पल घालत होता. कमला माझ्याकडे बघत उभी.

“डॉक्टर, त्याची बायको अजून काट्यावरच आहे,” म्हणाली.

हाक मारून परत बोलावला. विचारलं. त्यानं घातलेली चप्पल पुन्हा काढली. मग हो म्हणाला. समासात काही लिहिलं नाही. आता वेगळी वही केलीय, ती इथंच राहते.

११ फेब्रु.
सकाळी अकरा. हे पेशंटांच्या मधेमधे लिहितोय.

रुक्मा आलीय, बरोबर पद्मा. कमला सवयीनं म्हणाली, अम्मा, आधी वजन. नऊ किलो उतरलंय. मनगटातल्या काचेच्या बांगड्या गेल्या तेव्हा इतकं दिसलं नव्हतं. खुर्चीवर बसली आणि पिशवीतून फाईल काढली. गोपाळची.

“अण्णा, तुमच्या दवाखान्यांत बायकोस वजनाला कां पाठवतात तें बायकांस ठाऊक झालंय. फुलवालीकडे बोलतात. बायको गेली कीं डॉक्टर नवऱ्यास तें विचारतात म्हणून. मजही पाठवलं होतं तुम्हीं. जुलैंत. आठवतं?”

मी हो म्हणालो.

“काय म्हणाले ते?”

मी औषधाचा कागद पुढे ओढला. काय लिहिणार होतो देव जाणे.

तिनं ते पान उघडलं, समासावर बोट ठेवलं. “हें तुमचं अक्षर. पद्मा म्हणते, प्रेशरचे आकडे आहेत. आकडे असे नसतात, अण्णा. मास्तराची बायको आहें मी. मग म्हणाली, काकांचं अक्षर लागत नाही. तिज तुमचंच अक्षर लागत नाही?” पद्मा खाली बघत होती. “आपलीच भाषा ना ही? मज वाचतां येत नाही, ऐकतां तर येतं. तुम्ही वाचा.”

मी म्हटलं, बाहेर माणसं आहेत, तेवढी होऊ देत.

“बसतें,” म्हणाली. “मज कुठं जायचंय?”

फाईल टेबलावर उघडी टाकून दोघी बाहेर बाकावर जाऊन बसल्या. जाताना पद्मा दारात थांबली. मला वाटलं मान हलवून नाही म्हणेल, किंवा हो तरी. तिनं दोन्ही केलं नाही. तिला हे माझ्याकडून हवंय.

बारा. तीन पेशंट राहिलेत.

साडेबारा. एकाला पट्टी काढायच्या निमित्तानं उगीच बसवून ठेवला. वेगळंही वाचता येईल मला. ‘साखर जास्त, पथ्य पाळावं, चालावं.’ पद्मा समोर असेल. तिला अक्षर लागतं.

गोपाळ, तू तरी सांग काय करू.

पावणे एक. शेवटचा माणूस गेला. कमलानं विचारलं, त्या बाईंना आत पाठवू का? पुन्हा वजन करायचं आहे का?

नको म्हटलं. दोघींना पाठव.

चष्मा पुसून घातला. पान समोर आहे. पहिला शब्द ‘चार’. रुक्मा आत येतेय.